फ्रिट्झ झ्विकी : सहकाऱ्यांनी टाळलेला भांडखोर शास्त्रज्ञ, ज्याची हत्यारं आज डार्क मॅटर आणि डार्क एनर्जीचं नातं शोधतायत

तुम्ही, मी, पृथ्वी, सूर्य, रात्री दिसणारे सगळे तारे आणि न दिसणारे वायूचे ढग. हे सगळं एकत्र केलं तरी विश्वाचा जेमतेम 5 टक्के हिशोब लागतो. उरलेल्यात साधारण 27 टक्के आहे डार्क मॅटर आणि 68 टक्के डार्क एनर्जी. डार्क मॅटर दिसत नाही, पण आपल्या गुरुत्वाकर्षणानं गोष्टी धरून ठेवतं. डार्क एनर्जीही दिसत नाही, पण ती विश्वाला अधिकाधिक वेगानं फुगवत नेते.

गेली काही वर्षं शास्त्रज्ञांना एक वेगळाच प्रश्न छळतोय. हे दोघं एकमेकांना अजिबात ओळखत नाहीत, की त्यांच्यात गुपचूप काही देवाणघेवाण चालते? एकातली ऊर्जा दुसऱ्यात जाते का?

गंमत म्हणजे हा प्रश्न तपासायच्या तीन मोठ्या पद्धतींचा माग काढत मागे गेलं, की आपण एकाच माणसाच्या दारात पोहोचतो. फ्रिट्झ झ्विकी. आयुष्यभर लोकांशी भांडलेला, अनेकांनी विक्षिप्त म्हणून बाजूला सारलेला, आणि विश्व प्रसरण पावतंय यावरच शंका घेणारा माणूस.

व्यापारी व्हायचं होतं, झाला शास्त्रज्ञ

झ्विकींचा जन्म 14 फेब्रुवारी 1898 चा, बल्गेरियातल्या वार्ना या बंदराच्या शहरातला. वडील मूळचे स्वित्झर्लंडच्या ग्लारुस भागातले व्यापारी. सहा वर्षांच्या फ्रिट्झला 1904 मध्ये ग्लारुसला आजी-आजोबांकडे पाठवण्यात आलं. पोरानं व्यापाराचं शिक्षण घ्यावं आणि धंद्यात यावं, असा घरच्यांचा बेत होता.

पण पोराला गणित आणि भौतिकशास्त्राची गोडी लागली. त्यानं झुरिकच्या ईटीएचमध्ये प्रवेश घेतला. आईनस्टाईन जिथं शिकले तीच ही संस्था. 1922 मध्ये झ्विकींनी पीएचडी मिळवली, तीही स्फटिकांवर. आकाशाशी त्यांचा तेव्हा काहीही संबंध नव्हता.

1925 मध्ये फेलोशिप घेऊन ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाला, कॅलटेकमध्ये आले. तिथून जवळच माउंट विल्सन वेधशाळा होती. तिथला 100 इंची टेलिस्कोप तेव्हा जगातला सगळ्यात मोठा. याच टेलिस्कोपच्या मदतीनं एडविन हबल यांनी 1929 मध्ये दाखवून दिलं, की गॅलेक्सी जितकी लांब, तितक्या वेगानं ती आपल्यापासून दूर जाताना दिसते. अशा जागी स्फटिकांचा अभ्यासक किती दिवस स्फटिकांत रमणार? झ्विकी आकाशाकडे वळले.

आणि वळल्या वळल्या त्यांनी हबल यांच्या निष्कर्षावरच वेगळा अर्थ लावला. गॅलेक्सी पळत नसतील, लांबचा प्रवास करताना प्रकाशच थकत असेल, असं त्यांनी त्याच 1929 मध्ये सुचवलं. ही कल्पना पुढे चुकीची ठरली. हे लक्षात ठेवा, कारण ही गोष्ट आपल्याला पुढे लागणार आहे.

पहिलं हत्यार : न जुळलेला हिशोब

आता 1933 साल. झ्विकी कोमा क्लस्टरचा अभ्यास करत होते. क्लस्टर म्हणजे गुरुत्वाकर्षणानं एकत्र बांधलेल्या शेकडो-हजारो गॅलेक्सींचा समूह. कोमा आपल्यापासून 30 कोटी प्रकाशवर्षांहून जास्त लांब आहे.

त्यांनी पाहिलं, की या समूहातल्या गॅलेक्सींच्या वेगांत सेकंदाला 1000 किलोमीटर किंवा त्याहून जास्त फरक आहे. एवढ्या वेगानं इकडेतिकडे धावणाऱ्या गॅलेक्सी केव्हाच पांगायला हव्या होत्या.

गोफणीचं उदाहरण घ्या. दगड जितका जोरात फिरवाल, तितकी दोरी मजबूत लागते. दगड भन्नाट वेगानं फिरतोय आणि तरी सुटत नाही, म्हटल्यावर दोरी दिसली नाही तरी ती चांगली जाडजूड असणार, हे आपल्याला कळतं. इथं दोरी म्हणजे गुरुत्वाकर्षण. आणि गुरुत्वाकर्षण हवं, तर वस्तुमान हवं.

झ्विकींनी यासाठी व्हिरियल सिद्धांत वापरला. भौतिकशास्त्रात हा नियम आधीपासून होता. स्थिरावलेल्या समूहात वेगाची ऊर्जा आणि गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा यांचं ठराविक प्रमाण असतं, असं तो सांगतो. म्हणजे वेग मोजा आणि समूहाचं वजन काढा. झ्विकींनी तसं वजन काढलं. मग दिसणाऱ्या प्रकाशावरून वजन काढलं. दोन्ही आकड्यांत सुमारे 400 पटींचा फरक आला.

त्यांनी निष्कर्ष काढला, की तिथं न दिसणारा पदार्थ दिसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असला पाहिजे. स्वित्झर्लंडमधल्या जर्मन शोधनिबंधात त्यांनी त्याला नाव वापरलं डुंकल माटेरी, म्हणजेच डार्क मॅटर. हा शब्द त्यांच्याआधीही काही खगोलशास्त्रज्ञांनी वापरला होता. पण गॅलेक्सींच्या समूहाचं असं वजन करून एवढी मोठी तूट दाखवणारे झ्विकी पहिले.

400 चा आकडा आज कुणी मानत नाही. त्या काळी विश्वाची अंतरं खूपच कमी धरली जात होती, त्यामुळे आकडा फुगला. शिवाय क्लस्टरमध्ये तप्त वायूचा मोठा साठा असतो, हे क्ष-किरणांच्या निरीक्षणांतून बऱ्याच नंतर कळलं. तरीही हे सगळं वजा केल्यावर तूट उरतेच, आणि ती मोठी आहे.

दुसरं हत्यार : फुटणारे तारे

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झ्विकी आणि जर्मनीहून आलेले खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे यांनी आणखी एक मोठा दावा केला. काही तारे मरताना असा स्फोट करतात, की काही दिवस एकटा तारा अख्ख्या गॅलेक्सीच्या तोडीचा प्रकाश देतो. या स्फोटांना त्यांनी सुपरनोव्हा म्हटलं. स्फोटानंतर जवळपास फक्त न्यूट्रॉनचा बनलेला अतिशय घट्ट तारा मागे उरत असावा, असंही त्यांनी मांडलं. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. न्यूट्रॉन तारे खरोखर सापडायला 1967 उजाडावं लागलं.

पण नुसतं बोलून झ्विकी थांबले नाहीत. सुपरनोव्हा कधी, कुठं फुटेल ते सांगता येत नाही. मग एका वेळी आकाशाचा मोठा तुकडा टिपणारा कॅमेराच हवा. 1936 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावर 18 इंची श्मिट टेलिस्कोप सुरू झाला. पालोमारवरचा तो पहिला टेलिस्कोप. झ्विकी त्याच त्या गॅलेक्सींचे फोटो पुन्हा पुन्हा काढायचे, जुना फोटो आणि नवा फोटो ताडून बघायचे. नवा ठिपका दिसला की समजायचं, तारा फुटला.

आयुष्यभरात त्यांनी असे शंभराहून अधिक सुपरनोव्हा शोधले. त्यातला 1937 चा एक खास आहे. तो आज टाइप वन-ए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारातला होता. या प्रकारात श्वेतबटू नावाचा मृत तारा फुटतो आणि असे स्फोट बरेचसे सारख्याच तेजाचे असतात. म्हणजे बल्बचे वॉट माहीत असले, की तो किती मंद दिसतो त्यावरून तो किती लांब आहे हे काढता येतं, तसंच. सुपरनोव्हांचा असा मोजपट्टीसारखा उपयोग होऊ शकतो, हे बाडे यांनी 1938 मध्येच हेरलं होतं.

तिसरं हत्यार : अख्ख्या गॅलेक्सीचं भिंग

आईनस्टाईन यांच्या सिद्धांतानुसार जड वस्तूजवळून जाणारा प्रकाश वाकतो. म्हणजे एखादा तारा त्याच्या मागच्या ताऱ्यासाठी भिंगाचं काम करू शकतो. 1936 मध्ये आईनस्टाईननी यावर छोटा लेख लिहिला, पण असं काही प्रत्यक्ष दिसेल याची त्यांना फारशी आशा नव्हती.

झ्विकींनी 1937 मध्ये मांडलं, की ताऱ्यांचं सोडा, अख्खी गॅलेक्सी किंवा क्लस्टर भिंग बनू शकतं, आणि ते दिसू शकतं. इतकंच नाही, तर प्रकाश किती वाकला त्यावरून त्या भिंगाचं एकूण वजन काढता येईल. दिसणारं आणि न दिसणारं, दोन्ही मिळून.

असं पहिलं भिंग सापडलं 1979 मध्ये. तोवर झ्विकींना जाऊन पाच वर्षं झाली होती.

मग तेव्हा कुणी ऐकलं का नाही?

याचं सोपं उत्तर सगळे देतात. त्यांचा स्वभाव.

स्वभावाचे किस्से खरंच भरपूर आहेत. नावडत्या सहकाऱ्यांसाठी त्यांची एक ठेवणीतली शिवी होती आणि तिच्यापुढे ते गोलाकार असं विशेषण जोडायचे, कारण चेंडू कुठल्याही बाजूनं बघितला तरी सारखाच दिसतो, असं सांगितलं जातं. वेधशाळेतली हवा स्थिर व्हावी म्हणून सहाय्यकाला घुमटाच्या फटीतून गोळी झाडायला लावल्याचाही किस्सा आहे. बाडे यांच्याशी तर इतकं बिनसलं, की झ्विकी त्यांना नाझी म्हणू लागले, आणि बाडे यांना त्यांची चक्क भीती वाटू लागली. 1971 मध्ये स्वतःच छापलेल्या एका कॅटलॉगच्या प्रस्तावनेत त्यांनी अमेरिकेतल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञांना नावं घेऊन झोडपलं.

अशा माणसाचं म्हणणं लोकांनी मनावर घेतलं नाही, यात नवल काय?

पण फक्त स्वभावावर खापर फोडणं बरोबर नाही. 1936 मध्ये सिंक्लेअर स्मिथ या शास्त्रज्ञानं व्हर्गो क्लस्टरचं वजन काढलं, तेव्हाही तशीच तूट दिसली. त्याचीही फारशी दखल घेतली गेली नाही. मोजमापं कच्ची होती, क्लस्टर खरोखर स्थिरावलेत का याबद्दल वाद होता, आणि न दिसणारा पदार्थ म्हणजे साधा वायू किंवा मंद तारे असतील, असं मानायला जागा होती. खुद्द झ्विकींनाही तो काही अज्ञात कणांचा बनलेला असेल, असं वाटत नव्हतं.

शिवाय झ्विकी सगळीकडे बरोबर नव्हते. क्लस्टरांचेही समूह, म्हणजे सुपरक्लस्टर, असतात हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. ते असतात. 2017 मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसरमधल्या शास्त्रज्ञांच्या टीमनं 400 कोटी प्रकाशवर्षं दूरचं एक प्रचंड सुपरक्लस्टर शोधलं आणि त्याला सरस्वती हे नाव दिलं.

आकाशाबाहेरचे झ्विकी

दुसऱ्या महायुद्धात झ्विकी एरोजेट या रॉकेट इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे संशोधन संचालक झाले. जेट आणि रॉकेटशी संबंधित पन्नासच्या आसपास पेटंट त्यांच्या नावावर आहेत. 1949 मध्ये अमेरिकेनं त्यांना मेडल ऑफ फ्रीडम दिलं. तरीही त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं नाही. शेवटपर्यंत ते स्विसच राहिले.

आणि लोकांना तोंडावर शिव्या देणारा हाच माणूस युद्धानंतर दुसरंही एक काम करत होता. बॉम्बहल्ल्यांत युरोप-आशियातली ग्रंथालयं बेचिराख झाली होती. झ्विकी शास्त्रीय पुस्तकं आणि नियतकालिकं गोळा करायचे, खोक्यांत भरायचे आणि तिकडे पाठवायचे. अशी कित्येक टन पुस्तकं त्यांनी रवाना केली. युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठीही त्यांनी संस्थेमार्फत काम केलं.

1961 ते 1968 या काळात त्यांनी सहकाऱ्यांसोबत सहा खंडांचा कॅटलॉग काढला. त्यात जवळपास 30,000 गॅलेक्सी आणि 9,000 हून अधिक क्लस्टर नोंदवलेले आहेत. 1972 मध्ये ब्रिटनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं.

8 फेब्रुवारी 1974 ला पॅसाडिनात त्यांचं निधन झालं. 76 वा वाढदिवस सहा दिवसांवर होता. आणि योगायोग बघा. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी अँड्रोमेडा गॅलेक्सीतल्या वेगांची मोजमापं 1970 मध्ये छापली होती. 1974 मध्येच, झ्विकी गेल्यानंतर काही महिन्यांत, अमेरिका आणि एस्टोनियातल्या दोन वेगवेगळ्या गटांनी गॅलेक्सींभोवती न दिसणारं प्रचंड वस्तुमान असल्याचं ठामपणे मांडलं. 41 वर्षं अडगळीत पडलेला विषय मुख्य रस्त्यावर आला. तो बघायला झ्विकी नव्हते.

डार्क एनर्जी कुठून आली?

1998 मध्ये दोन टीम लांबवरचे टाइप वन-ए सुपरनोव्हा मोजत होत्या. विश्वाच्या प्रसरणाचा वेग किती मंदावतोय, हे त्यांना बघायचं होतं. पण सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजेच जास्त लांब निघाले. प्रसरण मंदावत नव्हतं, वेग घेत होतं. या वेगामागच्या अज्ञात कारणाला नाव मिळालं डार्क एनर्जी. 2011 चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच कामासाठी सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि ॲडम रीस यांना मिळालं.

म्हणजे बघा, प्रसरणावरच शंका घेणाऱ्या माणसानं ज्या शोधमोहिमांचा पाया घातला, त्यातूनच प्रसरणाला वेग आल्याचं समजलं.

दोघांत नातं आहे, असा संशय का?

विश्वातली अंतरं दुप्पट झाली, तर जागा आठपट होते. डार्क मॅटर तेवढंच राहतं, म्हणून ते आठपट विरळ होतं. सरबतात पाणी ओतत जावं तसं. डार्क एनर्जी मात्र, नेहमीच्या गणितानुसार, विरळ होतच नाही. प्रत्येक नव्या जागेत ती तेवढीच असते.

म्हणजे फार पूर्वी डार्क मॅटरचं राज्य होतं आणि पुढे जवळपास सगळं डार्क एनर्जीचं असेल. मग नेमके आपण असताना दोन्ही साधारण एकाच पातळीवर कसे? निव्वळ योगायोग? की दोघांत देवाणघेवाण असल्यामुळे त्यांचं प्रमाण असं राहिलंय?

हे तपासायचं कसं? इथं झ्विकींची हत्यारं बाहेर येतात.

डार्क एनर्जीतून थोडं थोडं डार्क मॅटर बनत असेल, तर क्लस्टरमधला वेग आणि गुरुत्वाकर्षण यांचा ताळमेळ किंचित बदलेल. म्हणजे व्हिरियल सिद्धांताचं नेहमीचं प्रमाण थोडं ढळेल. त्यामुळे एकाच क्लस्टरचं वजन तीन प्रकारे काढायचं. गॅलेक्सींच्या वेगावरून, तप्त वायूच्या क्ष-किरणांवरून आणि वाकलेल्या प्रकाशावरून. तिन्ही वजनं सतत एकाच दिशेनं चुकत असतील, तर काहीतरी शिजतंय.

2007 मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी एबेल 586 या क्लस्टरवर हे करून बघितलं आणि देवाणघेवाणीची खूण दिसते असं मांडलं. पण तो एकच क्लस्टर होता. 2009 मध्ये दुसऱ्या एका गटानं 33 क्लस्टर तपासले. त्यांना डार्क एनर्जीतून डार्क मॅटरकडे जाणारा अगदी बारीक ओघ असू शकतो, असं वाटलं. क्लस्टरचं वजन करताना होणाऱ्या चुकांपुढे ही खूण फारच पुसट आहे. त्यामुळे तिला पुरावा म्हणता येत नाही.

मग 2025 च्या मार्चमध्ये डेसी या प्रकल्पाचे निकाल आले. ॲरिझोनातल्या टेलिस्कोपवरून लाखो गॅलेक्सींचा नकाशा बनवणारा हा प्रकल्प. त्याची आकडेवारी सुपरनोव्हा आणि इतर निरीक्षणांशी जोडली, तर डार्क एनर्जी काळानुसार कमजोर होत असावी, असा इशारा मिळतो. शोध लागला असं जाहीर करायला जी खात्री लागते, तिथवर तो अजून पोहोचलेला नाही. पण डार्क एनर्जी खरंच बदलत असेल, तर ती डार्क मॅटरशी देवाणघेवाण करते, हे त्याचं एक संभाव्य कारण असू शकतं. इतरही कारणं रांगेत आहेत.

आता पुढे काय?

पुरावा लागणार, तो जास्त सुपरनोव्हा आणि जास्त भिंगांतून. युरोपचा युक्लिड टेलिस्कोप 2023 मध्ये अवकाशात गेला. डार्क मॅटरमुळे गॅलेक्सींच्या प्रतिमा किती वाकड्या होतात, हे तो मोजतोय. चिलीतल्या वेधशाळेचे पहिले फोटो जून 2025 मध्ये आले. तिला नाव दिलंय व्हेरा रुबिन यांचं.

आणि पालोमारवर, जिथं झ्विकी फोटो ताडून बघायचे, तिथंच 2018 पासून एक महाकाय कॅमेरा उत्तरेकडचं आकाश दर दोन-तीन रात्रींत पालथं घालतोय. त्याचं नाव झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी. त्यानं टिपलेल्या साडेतीन हजारांहून जास्त टाइप वन-ए सुपरनोव्हांची माहिती जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी खुली आहे. आकाशात असं काही अचानक चमकलं, की त्याचा पाठपुरावा लडाखमधल्या हानलेचा ग्रोथ-इंडिया टेलिस्कोपही करतो. तो आयआयटी बॉम्बे आणि बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं मिळून उभारलाय.

स्वित्झर्लंडमधल्या मोलिस या गावी झ्विकींचं दफन झालंय. त्यांची काही मतं चुकली, काही माणसं त्यांनी उगाच दुखावली. पण मोजायची पद्धत चोख असेल, तर ती मोजणाऱ्याच्या मतांवर अवलंबून राहत नाही. डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी एकमेकांशी बोलतात की नाही, याचा निकाल लागेल तेव्हा त्यामागच्या गणितात 1933 सालचं कोमा क्लस्टरचं वजन कुठंतरी असेलच.